चिमटीतले औषध : रोझमेरी आणि तिचे भाऊबंद



व्याख्यानाच्या फलकावर ‘रोझमेरी’ हे नाव वाचून काहींना वाटले असेल की आज एखाद्या विलायती बाईचे चरित्र ऐकावयास मिळणार. तशा समजुतीने कोणी आले असेल तर त्यांची थोडी निराशा होईल. रोझमेरी हे एक झुडूप आहे. कंबरेपासून छातीपर्यंत वाढणारे, बारमाही हिरवे, सुईसारख्या अरुंद पानांचे. पान वरून गर्द हिरवे आणि खालून पांढुरके असते, फूल लहानसे निळसर असते. पान बोटांत चुरडले की कापूर आणि निलगिरी या दोघांचीही एकदम आठवण होते. मराठीत त्याला घरचे असे नाव नाही, म्हणून आम्हीही परक्या नावानेच त्याला हाक मारणार आहोत.

मग या परक्या झुडपावर तासभर बोलण्याचे कारण काय? कारण असे की ते आता परके राहिलेले नाही. शहरातल्या मोठ्या भाजीदुकानांत त्याच्या काड्यांची जुडी मिळते. रोपवाटिकांत त्याच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. औषधांच्या दुकानांत त्याच्या तेलाच्या बाटल्या आल्या आहेत आणि घरोघर मुली त्याची पाने उकळून ते पाणी केसांना लावीत आहेत. कोणी म्हणतो, याने स्मरणशक्ती वाढते. कोणी म्हणतो, याने टकलावर केस येतात. शेतकऱ्याला कोणी सांगतो की ऊस सोड आणि हे लाव. एका झुडपाविषयी इतकी आश्वासने एकाच वेळी कानावर येऊ लागली म्हणजे शहाण्या माणसाने तीन प्रश्न विचारावेत. हे झुडूप कोण? त्याच्यात आहे काय? आणि घ्यावयाचे किती? आजच्या व्याख्यानाचे तेवढेच तीन भाग आहेत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पदरात पडली की मग आपण कात्रज ओलांडून भोर तालुक्यातल्या शिवरे गावापर्यंत एक फेरी मारू आणि तिथल्या मातीला हे झुडूप मानवेल काय, ते पाहू.

प्रथम कुळ पाहू. आपल्याकडे सोयरीक जुळविताना कुळ विचारतात; झाडाचेही तसेच आहे. घरी गेल्यावर तुळशीची एक काडी घ्या आणि दोन बोटांत फिरवून पाहा. ती गोल फिरत नाही, कडा बोटांना लागतात. कारण तुळशीचे खोड चौकोनी असते. पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात आणि खालची जोडी पूर्वपश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर असते. फुलाला दोन ओठ असतात. फुलानंतर चार लहान टणक बिया धरतात. हीच लक्षणे पुदिन्यात आहेत, सब्जात आहेत, मरव्यात आहेत, पानओव्यात आहेत आणि रोझमेरीतही आहेत. सारांश, रोझमेरी ही तुळशीच्या कुळातली आहे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढलेली आपल्या तुळशीची ती चुलतबहीण म्हणावयास हरकत नाही.

लिनियसने १७५३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिले त्यात ‘रोझमारिनस’ हा शब्द होता. लॅटिनमध्ये ‘रोस’ म्हणजे दव आणि ‘मारिनस’ म्हणजे समुद्राचे. समुद्राचे दव, असे ते गोड नाव आहे. गुलाबाशी किंवा मेरीशी त्या लॅटिन शब्दाचा संबंध नाही. अरबांनी तिला डोंगराचा मुकुट म्हटले आणि त्या अरबी शब्दापासूनच पोर्तुगीजांचा ‘अलेक्रिम’ हा शब्द निघाला. २०१७ साली मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांनी अनुवंशाचा पुरावा तपासून असे ठरविले की या झुडपाला वेगळे घर देण्याचे कारण नाही; ते साल्विया या मोठ्या प्रजातीतच बसते. तेव्हापासून शास्त्राच्या कागदावर तिचे नाव ‘साल्विया रोझमारिनस’ झाले आहे. लग्नानंतर नाव बदलले तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात. तद्वत बाजार तिला रोझमेरीच म्हणतो.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. वास सारखा म्हणून कुळ सारखे असे समजू नये. चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो. त्याचा सुगंध मरव्याच्या जोडीने घेतला जातो, गजऱ्यातही दोघे शेजारी बसतात. पण दवणा हा शेवंतीच्या कुळातला आहे. फोडणीतला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला आहे. आणि ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी आपण तळतो तो पानओवा मात्र तुळशीच्या कुळातला. नाव ओव्याचे, घर तुळशीचे! आपल्या पूर्वजांनी ही झाडे कुळावरून न लावता गुणांवरून एकत्र बसविली. सुश्रुतसंहितेत सुरसादि नावाचा एक गण आहे. त्यात सुरसा म्हणजे तुळस, फणिज्जक म्हणजे ज्याला पुष्कळ वैद्य मरवा मानतात तो, आणि भूस्तृण हे सुगंधी गवत, अशी मंडळी एका पंक्तीला बसली आहेत. पडसे, खोकला, दमा, अरुचि आणि जंत यांवर हा गण सांगितला आहे. रोझमेरी त्या पंक्तीत नाही. आमच्या संहितांना ती ठाऊकच नव्हती. म्हणून एखाद्या बाटलीवर ‘आयुर्वेदोक्त रोझमेरी’ असे छापलेले दिसले तर वाचकाने तेवढा शब्द मनातल्या मनात खोडून टाकावा. परंतु ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिची नोंद केलेली आहे. तेव्हा तिच्याही पाठीशी परंपरा आहे, ती दुसऱ्या देशाची आहे, इतकेच.

आता दुसरा प्रश्न : तिच्यात आहे काय?

सुगंधी झाड सुगंध आपल्यासाठी तयार करीत नाही. ते स्वतःच्या रक्षणासाठी करते. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत एक उडनशील तेल भरलेले असते. किडीला ते नकोसे होते, गुरे सहसा अशा पानाला तोंड लावीत नाहीत. रोझमेरीच्या तेलात मुख्यत्वेकरून तीन द्रव्ये सापडतात. एक सिनिओल, जे निलगिरीच्या तेलाचा प्राण आहे. दुसरे कापूर, तोच आपल्या आरतीचा. तिसरे पाइनीन, ज्याचा वास देवदार-चीडच्या लाकडाला येतो. म्हणजे तिचा वास ओळखीचा वाटला तो भास नव्हे. आपल्या देवघरात आणि सर्दीच्या बाटलीत जे होते तेच तिच्या पानात आहे. निसर्गाने अशी देवाणघेवाण पुष्कळ ठिकाणी केली आहे. युरोपात थाइम नावाची एक वनस्पती मांसाला लावतात. तिच्यातला थायमॉल आणि आपल्या ओव्यातला थायमॉल एकच. ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे पांढरे खडे विकतात ते तेच द्रव्य.

तेलाखेरीज पानात दुसरीही द्रव्ये आहेत. १९५८ साली इटलीतील दोन रसायनशास्त्रज्ञांनी रोझमेरीच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढले आणि त्याला तिचेच नाव दिले, रोझमारिनिक आम्ल. पुढे तेच आम्ल तुळशीत व पुदिन्यातही सापडले. कार्नोसिक आम्ल हे त्याहून महत्त्वाचे, कारण ते तेलातुपाला खवट होऊ देत नाही. युरोपात २०१० सालापासून रोझमेरीचा अर्क खाद्यपदार्थांत खवटपणा टाळण्यासाठी घालण्यास परवानगी आहे आणि वेष्टनावर तो ‘ई ३९२’ या क्रमांकाने नोंदला जातो. मांस टिकविण्यासाठी भूमध्य समुद्राकाठचे लोक तिची पाने वापरीत आले, त्यामागे केवळ चवीचा हट्ट नव्हता, हे यावरून दिसते.

हे कळले म्हणजे स्वयंपाकाचे शास्त्र आपोआप कळते. ही सुगंधी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. आपल्या आजीला रसायनशास्त्र शिकविलेले नव्हते, पण जिरे, हिंग, कढीलिंब आधी तेलात आणि मग पाणी, हा क्रम तिने कधी चुकविला नाही. रोझमेरीचेही तेच. बटाट्याच्या फोडी करून घ्याव्या. तेल किंवा तूप बेताचे तापवावे, त्यात दोन लसूणपाकळ्या ठेचून घालाव्या आणि बोटभर काडीवरची पाने ओरबाडून, बारीक चिरून टाकावी. लगेच फोडी परतून, मीठ-मिरे घालून, झाकण ठेवून शिजवाव्या. तेल धुरावेपर्यंत तापू दिले तर पाने जळून कडू होतात. कोथिंबिरीसारखी ती वरून भुरभुरू नये. पान चिवट असते, दातांत अडकते. चौघांच्या भाजीला बोटभर काडी पुरे. दोन काड्या घातल्या तर भाजी खातो आहोत की छातीला मलम चोळतो आहोत हे कळेनासे होते. डाळीच्या सूपात, भाकरीच्या पिठात, भाजलेल्या रताळ्यावर, मांसाहारी घरांत मटणाला लावण्याच्या दह्यात तिचा उपयोग करता येतो. आणि बटाट्याशी तिचे जमते याचे नवल वाटू नये. बटाटाही दूरदेशाहून आला आणि त्याचे नाव पोर्तुगीजांनी आणले. आज बटाट्याच्या भाजीशिवाय आपला उपास सुटत नाही आणि धरलाही जात नाही!

पानांचा औषधी चहा करावयाचा तर त्यालाही आपल्या शास्त्रात नेमका शब्द आहे. वनस्पतीचा गुण काढून घेण्याच्या पाच रीती आयुर्वेदाने सांगितल्या : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. मुळ्या आणि साली यांचा क्वाथ, म्हणजे उकळून आटविलेला काढा. नाजूक व सुगंधी वस्तूंचा मात्र फांट, म्हणजे कढत पाणी ओतून झाकून ठेवणे आणि मग गाळणे. कारण उघड आहे. उघड्या भांड्यात तासभर उकळले तर ज्याच्यासाठी पान घातले ते तेल वाफेबरोबर निघून जाते. स्वयंपाकघर सुगंधी होते आणि पेल्यात कडू पाणी उरते. तुळस, पुदिना, गवती चहा यांनाही हाच नियम लागू आहे. सर्दीत आपण सगळे एकत्र रटरट उकळतो, त्यात आल्याचे हित होते, तुळशीचे होत नाही. आले आधी उकळावे, भांडे खाली उतरवावे, मग तुळस घालून वर ताटली ठेवावी.

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : किती?

रोझमेरीविषयी जे दावे केले जातात त्यांतील तीन तपासून पाहू. पहिला पचनाचा. युरोपीय औषधसंस्थेने रोझमेरीच्या पानाचा उपयोग अपचन आणि पोटातील सौम्य पेटके यांवर, तसेच तेलाचा उपयोग सांधे-स्नायूंच्या किरकोळ दुखण्यावर बाहेरून, असा मान्य केला आहे. पण ही मान्यता ‘पारंपरिक उपयोग’ या सदरातली आहे. त्याचा अर्थ असा की पिढ्यान् पिढ्या लोक हे वापरीत आले आहेत व प्रमाणात घेतले तर अपाय दिसलेला नाही. आधुनिक चाचण्यांनी गुण सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ज्यांना पित्ताशयात खडे आहेत किंवा यकृताचा विकार आहे त्यांनी वैद्यास विचारावे, आणि बारा वर्षांखालील मुलांना ते औषध म्हणून देऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. बाटली विकणारा पहिले वाक्य मोठ्या अक्षरांत छापतो आणि दुसरे छापतच नाही.

दुसरा दावा केसांचा. याच्या मुळाशी २०१५ साली प्रसिद्ध झालेली इराणातील एक चाचणी आहे. टक्कल पडू लागलेल्या शंभर रुग्णांचे दोन गट केले. पन्नासांना रोझमेरीचे तेल दिले आणि पन्नासांना मिनॉक्सिडिल नावाच्या प्रचलित औषधाचा दोन टक्के द्रव. तीन महिन्यांत कोणालाच म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढले आणि दोहोंत मोठा फरक आढळला नाही. हे उत्साह वाढविणारे आहे, पण पुरते नाही. चाचणी लहान होती. ज्यांना काहीच लावले नाही असा तिसरा गट नव्हता. आणि जे लावले ते प्रमाणित तेल होते. स्वयंपाकघरात उकळलेले पानांचे पाणी नव्हते. आता कोणी ते पाणी लावले तर फारसे बिघडत नाही. परंतु केस गळण्याचे कारण रक्तक्षय किंवा गलग्रंथीचा विकार असेल आणि सहा महिने पाणी लावण्यात गेले, तर ते सहा महिने फुकट गेले. औषधाने अपाय केला नाही तरी औषधाच्या भरवशावर घालविलेला वेळ अपाय करतो, हे आपण नेहमी विसरतो.

तिसरा दावा स्मरणाचा, आणि तो फार जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात ऑफिलिया रोझमेरीची काडी स्मरणाची खूण म्हणून देते. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला, १९१५ सालच्या गॅलिपोलीच्या लढाईतील मृतांच्या स्मरणार्थ, लोक कोटावर तिची डहाळी लावतात. त्या गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ती रानोमाळ उगवते. प्रतीक म्हणून हे सर्व सुंदर आहे. पण प्रतीक आणि प्रमाण यांत अंतर आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अठ्ठावीस वृद्धांना, सरासरी वय पंचाहत्तर, वाळलेल्या पानांची पूड वेगवेगळ्या मात्रांत देऊन त्यांची स्मरणाची परीक्षा घेतली. सर्वांत लहान मात्रा होती ७५० मिलिग्रॅम, म्हणजे चमचाभराहूनही कमी, जेवणात सहज पोटात जाईल एवढी. सर्वांत मोठी होती ६ ग्रॅम, लहान मात्रेच्या आठपट. निकाल असा लागला की लहान मात्रेने आठवण्याचा वेग काहीसा सुधारला आणि सर्वांत मोठ्या मात्रेने तो बिघडला!

प्रयोग लहान आहे आणि त्यावरून कोणी पूड खाऊन परीक्षेला बसू नये. पण त्याचा कल आम्हांला फार बोलका वाटतो. चिमटीने जे दिले ते मुठीने हिरावून घेतले. आपल्या म्हातारीकोताऱ्या ‘अति तेथे माती’ म्हणत आल्या. येथे ते वाक्य मिलिग्रॅमांत मोजून मिळाले. स्वयंपाकघर हा पिढ्यान् पिढ्या तपासून घेतलेला तराजू आहे. भाजीला जेवढे लागते त्याहून जास्त घातले की जीभच तक्रार करते. हिंग, ओवा, जायफळ, लवंग ही सर्व औषधे आहेत आणि या सर्वांना जिभेने मर्यादा घालून दिली आहे. जायफळ पुरणपोळीत चिमूटभर घातले तर सुवास. वाटीभर खाल्ले तर विष.

गोळी आणि तेलाची बाटली यांनी नेमका हाच पहारेकरी बाजूस सारला आहे. वाळलेल्या पानांत उडनशील तेल साधारण शेकडा एक ते दोन असते. म्हणजे एक ग्रॅम तेलासाठी पन्नास ते शंभर ग्रॅम वाळलेली पाने लागतात. जे माणूस जन्मात एका वेळी खाणार नाही, ते एका लहान चमच्यात मावते. म्हणून हे तेल पोटात घेऊ नये. त्वचेला लावणे झाल्यास खोबरेल किंवा तिळेलात काही थेंब मिसळून, आधी कोपरावर लावून पाहून मगच लावावे. गर्भवतींनी आणि अपस्माराच्या रोग्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगतो. या तेलात कापूर आणि सिनिओल दोन्ही आहेत. कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. आपल्या घरांत कापूर देवघरात, रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर असतो. आज घरी गेल्यावर तो डबा आणि निलगिरीची बाटली उंच फळीवर ठेवली तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

ठरल्याप्रमाणे आता शिवऱ्याकडे वळू. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले, कात्रज मागे टाकले की शिवगंगेचे खोरे लागते. खेड-शिवापूर ओलांडल्यावर नसरापूरच्या अलीकडे, हमरस्त्यालगत शिवरे हे गाव आहे. पलीकडे भोर-वेल्ह्याचे मावळ. जसजसे पश्चिमेस, राजगड-तोरण्याकडे सरकावे तसतसा पाऊस वाढत जातो आणि आंबेमोहराची भातखाचरे दिसू लागतात. येथे रोझमेरी येईल काय?

झाडाला जमिनीआधी पंचांग विचारावे लागते. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे जूनपासून चार महिने आभाळ गळते आणि थंडी कोरडी असते. म्हणजे रोझमेरीला ज्या काळात उन्हात कोरडे उभे राहण्याची सवय, त्याच काळात आपण तिला चिखलात उभे करतो. तिची मुळे मग आषाढात कुजतात. थंडी किंवा ऊन नव्हे, साचलेले पाणी हा तिचा शत्रू आहे. भाताच्या खाचरात ती जगणार नाही. नदीकाठच्या काळ्या जमिनीतही नाही. उताराची मुरमाड जागा, उंच वाफा आणि पावसात वर छप्पर, असे असेल तरच आशा धरावी. आपल्या देशात तिची लागवड निलगिरी पर्वताच्या थंड हवेत होते, हेही लक्षात ठेवावे. घरच्यापुरती लावायची तर सोपे आहे. बियांच्या नादी लागू नये, त्या नीट रुजत नाहीत. पाऊस ओसरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, चार-पाच इंच लांबीचे शेंडे कापावे, खालची पाने काढावी आणि वाळूमिश्रित मातीत खोवावे. मूळ धरल्यावर मातीच्या कुंडीत लावावे, भोक मोकळे ठेवावे, वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये आणि ज्येष्ठ लागताच कुंडी वळचणीच्या आत, उजेडात घ्यावी.

पैशाच्या पिकाची गोष्ट निराळी. औषधी वनस्पतींची पारख करून पाहण्याची परंपरा पुणे जिल्ह्याला नवी नाही. १८२८ साली दापोडीस सरकारी वनस्पतिबाग निघाली. १८३८ पासून तिचे काम डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आले आणि जुन्नरकडे हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली बाग होती. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या वनौषधी विलायतेहून मागविण्याऐवजी येथेच पिकवून पुरविता येतात काय, हे त्या बागांनी लावून, काढून, वापरून पाहिले. दापोडीच्या झाडांची चित्रे काढणाऱ्या गोव्याकडील चित्रकाराचे नावही मागे उरले नाही, पण त्याची चित्रे एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत. या हकिकतीतून घेण्याचे ते एवढेच की आधी बाग, मग शेत. आजही लखनौची औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था, जी १९५९ साली स्थापन झाली, हेच काम करते. उलट सफेद मुसळीची लाट आठवून पाहा. या शतकाच्या आरंभी तिचे बेणे सोन्याच्या भावाने विकले गेले. बेणे विकणाऱ्यांची चांदी झाली. मुळ्या पिकविणारा गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला. म्हणून शिवऱ्याच्या किंवा कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला कोणी रोझमेरीची रोपे घेऊन भेटला, तर त्याला एकच विचारावे : ‘तू मला रोपे विकतोस, की माझी पाने विकत घेतोस?’ आणि उत्तर कागदावर मागावे. तोवर बांधाला दोन ओळी लावून दोन पावसाळे पाहावेत. पुण्याची बाजारपेठ तासाभराच्या अंतरावर आहे. ताज्या काड्यांना गिऱ्हाईक मिळते किंवा नाही हे दोन ओळींनीही कळते.

आणि ज्याला दोन ओळींचीही जागा नाही त्याने आपले परसू पाहावे. ओव्याच्या वासाचा, काडी खोवली की वाढणारा पानओवा; ओंजळभर मातीत पसरणारा पुदिना; सब्जा, मरवा, गवती चहा आणि दारची तुळस. रोझमेरीतली कितीतरी द्रव्ये या मंडळींत वाटलेली आहेत. रोझमेरी घरात आणू नका असे आम्ही म्हणत नाही. पाहुणीला चांगल्या पाटावर बसवावे, पण तिच्यासाठी घरच्या माणसांस उठवू नये. मरवा आज किती मुलांना ओळखता येतो? ज्या झाडाचे नाव पोरांच्या तोंडून जाते ते परसातूनही जाते आणि मग तेच आपण दुसऱ्या नावाने, बाटलीतून, दहापट दामाने विकत आणतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, औषध आणि अन्न यांच्यामध्ये भिंत नाही, एक उंबरठा आहे, आणि त्याची उंची मात्रेने ठरते. पान ओळखून घ्यावे, त्यात काय आहे ते समजून घ्यावे आणि चिमटीने वापरावे. दुखणे पंधरा दिवसांत हटले नाही तर चिमटीवर भार न टाकता वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावे. एवढे पाळले तर समुद्राचे दव आणि आपली तुळस दोघीही एका स्वयंपाकघरात सुखाने नांदतील.